मोटारीचें तेल

मोटारीचें तेल बदलणें हें कारागिराचें काम, आणि मोटारींत बसून इष्ट स्थळीं पोंचणें हें आपलें, अशी विभागणी आपल्या पांढरपेशा घरांतून पक्की ठरून गेली आहे. ती मोडण्याचें प्रयोजन सहसा पडत नाहीं. मला तें गेल्या श्रावणांत, वयाच्या ६६ व्या वर्षीं पडलें. आणि त्या निमित्तानें जी माहिती झाली ती वाचकांपैकीं कांहीं जणांच्या तरी उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमच्या कुटुंबाचीं मूत्रपिंडें तीन वर्षांपूर्वीं निकामी झालीं. तेव्हांपासून आठवड्यांतून दोन वेळां तिला रक्तशुद्धीसाठीं वाईहून साताऱ्यास न्यावें लागतें. जाऊन येऊन सुमारें ७० किलोमीटरांची मजल होते; आठवड्याची १४०, आणि वर्षाची ७,००० च्या वर. चार तास यंत्राशीं जखडून पडल्यावर एस्. टी.च्या गर्दींत उभें राहण्याचें त्राण माणसाच्या अंगांत उरत नाहीं. त्यामुळें आमची ती लहानशी, जुनी पेट्रोलची मोटार ही चैनीची वस्तु नसून औषधाच्या बाटलीच्या जागीं आहे. ती वाटेंत बंद पडली तर एक खेप चुकते, आणि खेप चुकली म्हणजे पाय सुजतात, दम लागतो, रात्र उशाशीं टेकून बसून काढावी लागते. हें आम्हीं एकदां भोगलें आहे.

आषाढांत एका गराजवाल्यानें नवें तेल व नवा फिल्टर यांचे पैसे रीतसर पावती देऊन आमच्याकडून घेतले होते. पंधरा दिवसांनीं सूनबाई पुण्याहून आली. ती यंत्रशास्त्राची पदवीधर असून इंजिनें तयार करणाऱ्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. तिनें सहज मोटारीचें पुढचें झांकण उघडलें, तेल मोजण्याची पट्टी बाहेर ओढली, दोन बोटांत तेल चोळून पाहिलें आणि वांकून फिल्टराकडे नजर टाकली. त्यावर दोन पावसाळ्यांचा चिखल वाळून बसला होता.

“बाबा, ह्यांतलें कांहींच बदललेलें नाहीं,” ती म्हणाली.

मी पावती घेऊन निघालोंच होतों. तिनें अडविलें. “भांडून पैसे परत येतील, पण पुढच्या वर्षीं पुन्हां हेंच. त्यापेक्षां तुम्हीच शिकून घ्या ना. मी हात लावणार नाहीं, नुसतें सांगेन.”

तेल काळें दिसलें एवढ्यावरून तें वाया गेलें असें समजूं नये. इंजिनाच्या पोटांत त्याचीं कामें अनेक असतात. फिरणाऱ्या भागांमध्यें पातळ थर होऊन राहून घर्षण वारावयाचें, उष्णता वाहून न्यावयाची, शिवाय जळणाची काजळी आणि धातूचा बारीक कीस आपल्या अंगावर घेऊन तरंगत ठेवावयाचा. मळ उचलतें म्हणूनच चांगलें तेल काळें पडतें. परंतु ही शक्ति अखेर सरते. आमच्या गाडीच्या पुस्तिकेंत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जें आधीं पुरें होईल तें, अशी मर्यादा दिली आहे. ती फार ओलांडली म्हणजे तेलाचा गाळ होतो, धातूवर धातु घासूं लागतो, आणि एखादे दिवशीं इंजिन जागच्या जागीं धरून बसतें.

संस्कृतांत तेलाला आणि मायेला ‘स्नेह’ हा एकच शब्द आहे, हें सर्वांस ठाऊक आहेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, अभ्यंगाचे गुण सांगतांना शरीराला घडा, कातडें आणि गाडीचा आंस यांचे दृष्टांत दिले आहेत. स्नेहानें तीं जशीं टणक आणि सोशीक होतात तसें शरीरही होतें, असा अभिप्राय. आमच्या लहानपणीं बैलगाडीखालीं वंगणाचें नळकांडें टांगलेलें असे तें याच परंपरेंतलें. वैद्यास आंसाचा दृष्टांत सुचतो याचा अर्थ त्यानें गाडीवानाचें काम जवळून पाहिलें असलें पाहिजे. आपण त्या कामापासून दूर सरलों तें नंतर केव्हां तरी.

नव्या तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ अशी खूण होती. सूत्रग्रंथांची संवय असल्यामुळें ही संक्षिप्त भाषा मला मोठी आवडली. डब्ल्यू हें हिंवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर. पहिला आंकडा थंडींतला दाटपणा सांगतो व दुसरा तापल्यावरचा. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें या वर्गवारीचा पाया १९११ सालीं घातला. फिल्टर त्याहून धाकटा. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलंड यानें तो मोटारीस जोडला व त्यास ‘प्युरोलेटर’ हें नांव मिळालें. ‘प्युअर ऑइल लेटर’ या तीन शब्दांचा तो सांधा आहे. समास म्हणून पाहिलें तर ओबडधोबडच. पण वस्तु चोख आहे.

रविवारीं सकाळीं कामास लागलों. इंजिन पांच मिनिटें चालवून तेल कोमट केलें, म्हणजे तें पातळ होऊन मळासकट उतरतें. फार तापवूं नये, हात पोळतो. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकनें उचलली आणि खालीं दोन लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं डोकें म्हणून घालावयाचें नाहीं, हा सूनबाईचा पहिला आणि एकमेव कडक नियम. मग गोणपाट अंथरून मी पाठीवर आडवा झालों. इंजिनाच्या तळाच्या चेंबरला एक बोल्ट असतो. त्याच्या तोंडाकडे पाहत प्रदक्षिणेच्या उलट दिशेनें पाना फिरविला कीं तो सैल होतो. शेवटचे आटे बोटांनीं, बोल्ट वर दाबून धरूनच सोडवावे आणि मग हात झटकन् बाजूला घ्यावा. आधीं दोरासारखी जाड काळी धार आली, मग सुतासारखी, मग थेंब. ते थांबेपर्यंत पंधरा मिनिटें गेलीं.

त्या पंधरा मिनिटांत कुटुंब ओट्यावर येऊन बसली होती. परातींत सांचलेलें काळें तेल तिनें बराच वेळ न्याहाळलें. “तुमच्या गाडीचें बरें आहे,” ती म्हणाली, “तिला वर्षांतून एकदांच.”

सूनबाई आणि मी दोघेंही कांहीं बोललों नाहीं. ती स्वतःच हंसली, आणि चहा टाकावयास आंत गेली.

बोल्टला तांब्याचा नवा वायसर घालून तो बसविला. येथें जोर करावयाचा नसतो. चेंबरचे आटे मऊ धातूचे असतात, ते गेले कीं चेंबरच बदलावा लागतो. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी कडी त्याच्याबरोबर निघाली कीं इंजिनालाच चिकटून राहिली, हें पाहिलेंच पाहिजे, कारण दोन कड्या एकावर एक बसल्या तर तेल गळून जातें. नव्या कडीला बोटानें नवें तेल लावलें, फिल्टर टेंकेपर्यंत फिरविला आणि पुढें पाऊण फेरा, केवळ हातानें. या सर्व वेळांत सूनबाई उकिडवी बसून पाहत होती. माझा हात चुकीच्या दिशेस जाऊं लागला तरच “थांबा” एवढें म्हणे. शिष्य चांचपडत असतां गप्प राहणें ही शिक्षकास सर्वांत अवघड जाणारी विद्या आहे. ती हिला कोणीं शिकविली कोण जाणे.

गाडी खालीं उतरवून नसराळ्यानें अडीच लिटर तेल ओतलें. एक मिनिट इंजिन चालविलें. तेलाचा तांबडा दिवा विझला. पांच मिनिटें थांबून पट्टी पाहिली व दोन खुणांच्या मध्यें, वरच्या खुणेपाशीं येईपर्यंत थोडें थोडें घातलें. अधिक घातलें म्हणजे अधिक चांगलें, असें येथें नाहीं. जास्त तेल आंतल्या दांड्यानें घुसळून निघतें आणि त्याचा फेंस होतो.

जुन्या तेलाची मात्र सोय लावावी लागते. आमच्या गटाराची वाट अखेर कृष्णेकडेच जाते. घातक कचऱ्याविषयीं भारत सरकारचे २०१६ सालचे नियम आहेत, त्यांत वापरलेलें तेल मोडतें. कित्येक लोक तें वाळवी लागूं नये म्हणून खांबांना फांसतात; सूनबाईच्या मतें तेंही वाईट, कारण असें तेल कातडीला वारंवार लागणें अपायकारक असतें. नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यांत तें भरून ती पुण्यास घेऊन गेली. तेथें परवानाधारक मंडळी तें जमा करून शुद्धीकरणास पाठवितात.

रात्रीं गाडीखालीं एक जुनें वर्तमानपत्र पसरून ठेवलें. सोमवारीं पहांटे साडेपांचास विजेरी घेऊन पाहिलें, तों कागद कोरडा होता. कुटुंबानें मागच्या आसनावर उशी ठेवली, कांसेंत गुंडाळलेली रुग्णालयाची वही माझ्या हातीं दिली, आणि आम्हीं साताऱ्याची वाट धरली.