पावसाने राखलेली बेटं

कोकणात पावसाळ्यात समुद्र बंद असतो, असं इतर प्रांतांतल्या मित्रांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते. समुद्राला दार कुठे असतं? पण मृग जवळ आला की होड्या वाळूवरून वर ओढल्या जातात, झापांनी शाकारल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत सरकारी बंदीही असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून जाळी बाहेर निघतात, तरी पाणी निवळायला अश्विन उजाडावा लागतो. तेव्हा बांगडा किनाऱ्याजवळ येतो, रापणी लागतात आणि पर्यटकांच्या होड्याही पाण्यात उतरतात.

दसऱ्यानंतरच्या एका पहाटे आम्ही सहाजण निवतीहून निघालो. मतलई वारा पाठीवर होता. तो सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पूर्वी शिडाच्या होड्या याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या. आमच्या होडीला इंजिन होतं. जायचं होतं वेंगुर्ला रॉक्सला. समुद्रातून वर आलेले लहानमोठे खडक, त्यांतल्या एकावर दीपगृह. इंग्रजी नकाशांत यांना बर्न्ट आयलंडही म्हटलं आहे. लांबून पाहिलं तर ‘जळकं बेट’ हे नाव शोभतं: काळपट दगड, त्यावर पावसाने उगवून आता पिवळं पडलेलं गवत, आणि कडांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ.

ओघळ होते, पक्षी थोडे होते. खांद्यावर दुर्बीण घेऊन आलेल्या माणसाला हे जरा लागतं. काळसर पाठीचे, कपाळावर पांढरी पट्टी असलेले सुरय पक्षी या खडकांवर वीण करतात, पण त्यांचा हंगाम पावसाच्या तोंडाशी सुरू होतो आणि पावसातच सरत जातो. म्हणजे होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा. उघड्या दगडावर घातलेलं अंडं आणि माणूस यांच्यामध्ये चार महिने खवळलेला समुद्र असतो. आपण पोहोचतो तोवर पिल्लं उडालेली असतात आणि सुरय खोल समुद्राकडे पांगलेले असतात. त्यांना बघायला मिळत नाही, हीच त्यांची सोय.

पाकोळ्यांना ही सोय नाही. या बेटांवरच्या गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. हुमायून अब्दुलालींनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं होतं. चिमणीएवढा, काळपट तपकिरी, लांब कोयतीसारख्या पंखांचा हा पक्षी. पाय इतके आखूड की फांदीवर बसता येत नाही, फक्त उभ्या भिंतीला लटकता येतं. गुहेच्या काळोखात ती टकटक आवाज काढत उडते आणि भिंतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. वटवाघळाचा तसा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही, पाकोळीचा येतो.

तिचं घरटं म्हणजे तिची लाळ, त्यात मिसळलेली पिसं आणि काड्या-शेवाळ. लाळ वाळून दगडाला घट्ट चिकटते. पूर्व आशियात पाकोळ्यांच्या अशा घरट्यांचं सूप करतात आणि त्याला मोठी किंमत मिळते. वीण पावसाआधीच्या महिन्यांत, म्हणजे समुद्र शांत आणि दार सताड उघडं असताना. या शतकाच्या सुरुवातीला इथल्या घरट्यांची चोरी उघडकीस आली. घरटं खरवडून काढताना त्यातली अंडी-पिल्लं जातात आणि पाकोळीला पुन्हा पहिल्यापासून लाळ गाळावी लागते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वनखात्याच्या आणि स्थानिकांच्या मदतीने इथे संरक्षणाचं काम केलं, आणि हा पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. सुरयांसाठी जे पाऊस फुकटात करतो, ते पाकोळ्यांसाठी माणसांना करावं लागलं.

तांडेलने गुहेपासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं. उतरायचं नाही, हे निघतानाच ठरलं होतं. लाटा गुहेत शिरून घुमत बाहेर येत होत्या, त्या आवाजात टकटक ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण पाकोळ्या दिसत होत्या. भिरभिरत बाहेर यायच्या, उन्हात क्षणभर चमकायच्या, आणि आत वळल्या की जणू दगडानेच गिळल्यासारख्या नाहीशा व्हायच्या. कुणी मोजायला लागलं, चाळिशीच्या आसपास गोंधळून थांबलं.

परतताना किनारा जवळ आला तसा डॉल्फिनचा पट्टा लागला. इथले डॉल्फिन पाठीवर वशिंड असलेले, राखाडी, उथळ पाण्यात किनारा धरून राहणारे. जगभरात त्यांची संख्या घटते आहे, त्यांची जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. मादी काही वर्षांतून एकदाच व्यायते. इथे मात्र ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ अशी पाटी लागते. समोर चार होड्यांनी एका कळपाला अर्धगोल घातला होता. पाठ दिसली की सगळे तिकडे वळायचे, इंजिनं गुरगुरायची, पाठ बुडायची. डॉल्फिनही पाण्यात आवाजावरच वाट आणि भक्ष्य शोधतो. त्या गुरगुराटात त्याला काय ऐकू येत असेल?

आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, “काका, आपणही घ्या ना जवळ.”

तांडेलने उलट इंजिन बंद केलं आणि होडी वाहू दिली. “बसा वायच. तेंका येवचा आसात तर येतले.”

आम्ही बसलो. ऑक्टोबरचं ऊन चढलं, डिझेलचा वास गेला, खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक आली. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. तो गृहस्थ घड्याळ बघत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची चुळबुळ कळत होती. पैसे मीही भरले होते. मग होडीच्या मागच्या बाजूला, कुणी पाहत नव्हतं तिथे, फुस्स असा श्वास ऐकू आला. वळेपर्यंत पाण्यावर फक्त एक गुळगुळीत वर्तुळ उरलं होतं. दुसऱ्यांदा दोन पाठी दिसल्या, एक मोठी आणि तिला चिकटून एक लहान. त्या सावकाश आमच्यासमोरून गेल्या आणि उत्तरेकडे दिसेनाशा झाल्या. एकाही मोबाईलमध्ये धड फोटो आला नाही.

किनाऱ्याला लागल्यावर मी तांडेलला विचारलं, डॉल्फिनवर एवढी माया कशी? तो हसला आणि मला माडाखाली पसरलेल्या जाळ्याकडे घेऊन गेला. त्यात दोन्ही हात जातील एवढं भोक होतं. बांगड्यावर आलेल्या डॉल्फिननी दोन रात्रींपूर्वी फाडलेलं. माया कसली, म्हणाला, हे हंगामात चारदा तरी शिवायला लागतं. “पण बांगडो तेंचोव आसा.” एवढं बोलून तो वाळूत बसला आणि भोकाच्या कडेचा पहिला धागा त्याने सुईत ओवला.