दगडाचं वय

आमच्या सोसायटीला तीस वर्षं झाली तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिट झालं. इंजिनिअर मुलगा जाडसर टॉर्चएवढं एक यंत्र घेऊन आला. पार्किंगमधल्या कॉलमवर ते दाबलं की आतून टक्क! आणि पट्टीवर आकडा. तळमजल्यावरचे काका त्याच्या मागेमागे. "अजून किती वर्षं टिकेल ते सांगा की!" तो शांतपणे म्हणाला, "काका, हा हातोडा वर्षं सांगत नाही. पृष्ठभाग किती कडक आहे, एवढंच सांगतो."

मला गंमत वाटली. कारण ह्याच हातोड्याने दगडांची वर्षं काढतात, हे मी लेकीकडे नॉर्वेला गेले होते तेव्हा ऐकलं होतं.

अर्न्स्ट श्मिट नावाच्या स्विस इंजिनिअरने तो काँक्रीटसाठी केला, १९५०च्या आसपास. स्प्रिंगचा ठोका बसतो आणि तो किती उसळून परत येतो ते मोजायचं. ताजा, टणक दगड जोरात उसळी देतो. ऊन, पाऊस, बर्फ खात हजारो वर्षं उघडा पडलेला दगड वरून कुजतो, ठोका गिळतो, आकडा उतरतो. त्याच जागी पुन्हापुन्हा ठोकलं तर आकडा चढतो, कारण वरची झिजलेली पापडी चुरडून आतला दगड लागतो. म्हणून एका दगडावर विसंबायचं नाही, पुष्कळ दगड ठोकून सरासरी घ्यायची.

हिमनदी पुढे सरकताना दगडगोटे ढकलत आणते आणि मागे हटली की त्यांचा बांध तिथेच राहतो. तो हिमोढ. भूगोलाच्या तासाला मी हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! जॉन मॅथ्यूज आणि रिचर्ड शेक्सबी यांनी दक्षिण नॉर्वेतल्या अशा बांधांवर हा हातोडा चालवला आणि १९८४ साली निष्कर्ष छापले. जोडीला दगडफुलाचे ठिपकेही मोजले. हो, आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड, फक्त हे दगडाला रंगासारखं चिकटलेलं, हिरवट पिवळं. ठिपका जितका मोठा, तितका दगड उघडा पडून जास्त काळ झालेला.

पण खरी मेख पुढेच आहे. इंजिनिअर मुलगा म्हणाला ते डोंगरातही खरंच. आकड्याचं वर्ष करायला आधी कुठल्यातरी दगडाचं वर्ष माहीत हवं. ते यंत्रातून येत नाही.

यूस्टेडालच्या खोऱ्यात निगार्डब्रेन ही हिमनदी आहे. अठराव्या शतकात ती पुढे पुढे येत राहिली, कुरणं गेली, मग निगार्ड नावाचं शेतघरच गेलं. १७४८ साली ती सगळ्यात पुढे पोचली. हे साल कळतं, कारण शेतकऱ्यांनी सरकारकडे करात सूट मागितली, पाहणी झाली, नुकसान कागदावर आलं. आपल्याकडे आणेवारी आणि सारामाफी व्हायची तसंच. दुष्काळात अर्ज लिहून द्या म्हणून माझ्या वडिलांकडे माणसं यायची. ओसरीवर बसून आधी रडायची, मग सांगायची. त्या कागदांचा पुढे कुणाला काही उपयोग होईल, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल.

लेकीने मला त्या १७४८च्या बांधावर नेलं. आता त्यावर बर्चची झाडं आहेत. बर्फ तिथून चार किलोमीटरहून मागे गेलाय. १९३०च्या सुमारास जिथे बर्फच बर्फ होता, तिथे आज तळं आहे आणि पर्यटकांची होडी चालते. बर्फ जसा हटतो तसे नवे दगड उघडे पडतात, अगदी कोरे. त्यांचं साल मात्र आता दरवर्षी मोजून लिहून ठेवतात.

मी एका धोंड्यावर टेकले, गुडघे दुखत होते. लेक म्हणाली, "आई, निगार्डब्रेन म्हणजे निगार्डची हिमनदी." घर गिळलं, आणि नाव त्याच घराचं लावलंय.