पाच रहस्यं, चार माणसं

"तुमच्यात पण जपमाळ असते?" होस्टेलवर दरवर्षी नवीन रूममेट आली की हा प्रश्न ठरलेला. असते बाई! फक्त तुमच्यासारखे १०८ मणी नसतात. आमच्या माळेत ५९. त्यातले ५३ लहान, सहा मोठे आणि टोकाला क्रूस. लहान मण्यावर 'नमो मरिया', मोठ्यावर प्रभूची प्रार्थना. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे शाळेत हीच माळ इंग्रजीत आणि घरी, वसईला, मराठीत.

दुसरा प्रश्नही ठरलेला. तेच तेच ५३ वेळा म्हणून कंटाळा नाही येत? कंप्युटरवाली असेल तर म्हणते, "म्हणजे फॉर लूपच की!" बरोबर आहे, पण मोजायचं काम बोटांकडे आणि शब्दांचं ओठांकडे दिलं की मन मोकळं होतं, आणि खरी प्रार्थना तिथे चालते. दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. प्रत्येक भागात येशू आणि मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा. त्याला आम्ही रहस्य म्हणतो. सोमवारी-शनिवारी आनंदाची, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं तशी नवीन आहेत, पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली ती जोडली. त्यात कानाचं लग्नही आहे. लग्नघरी द्राक्षारस संपतो आणि ते सगळ्यात आधी मरियेच्या लक्षात येतं. आईच ती!

पूर्वी रहस्यं १५ होती, म्हणजे 'नमो मरिया' १५०. बायबलात स्तोत्रंही १५०च आहेत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं स्तोत्रांचं पुस्तक म्हणजे ही माळ. रोज त्यातला तिसरा हिस्सा म्हणायचा, म्हणून गोव्यात हिला पोर्तुगीजवरून 'तेर्स' म्हणतात. आता रहस्यं २० झाली, तिसऱ्याचा चौथा हिस्सा झाला, पण नाव कुणी बदललं नाही. एम-थ्रीच्या सरांनी मार्क कापले असते!

आता खरं सांगायचं ते. आमच्या घरी माणसं पाच आणि रहस्यंही पाच. आजी पहिलं सांगायची, पप्पा दुसरं, दादा तिसरं, आई चौथं आणि शेंडेफळ म्हणून शेवटचं माझं. सांगणाऱ्याने प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला. संध्याकाळी साडेसातला टीव्ही बंद.

मी बारावीत असताना आई कॅन्सरने गेली. आजारपणाच्या नऊ महिन्यांत आम्ही किती माळा म्हटल्या त्याचा हिशेब नाही. शेजारचे येत, नातेवाईक येत, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये पप्पा खिशात हात घालून मणी सरकवत. तरी ती गेली. मग या ५३चा उपयोग काय, हे मी तेव्हा आजीला तोंडावर विचारलं. आजीने उत्तर दिलं नाही. मंगळवार होता, तिने दुःखाचं पहिलं रहस्य सुरू केलं.

ते गेथशेमनी बागेतलं आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशू स्वतः विनवतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला दूर होत नाही. एवढ्या वर्षांत हे मी शेकडो वेळा म्हटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मागितलेलं न मिळाल्याची गोष्ट या माळेतच गुंफलेली आहे, कुणी ती लपवून ठेवलेली नाही. त्यामुळे 'अमुक माळा म्हणा, नोकरी नक्की' असले मेसेज प्लेसमेंटच्या सीझनला आले की माझं डोकं फिरतं. ते व्हेंडिंग मशीन झालं, नाणं टाका, बाटली घ्या. माळ म्हणजे कुणाशेजारी तरी बसणं. आई झोपून असायची तेव्हा तरी आम्ही दुसरं काय करत होतो?

मातीनंतरच्या पहिल्या संध्याकाळी तीन रहस्यं झाली आणि सगळे थांबलो. चौथं कुणी सांगायचं ते ठरलंच नव्हतं. मग अचानक चौघांनीही एकदम सुरुवात केली. तेव्हापासून तेच चालू आहे. चौथं आलं की सांगणारं कुणी नाही, पहिला अर्धा सगळ्यांचा आणि दुसराही सगळ्यांचा. बुधवारी-रविवारी हे चौथं रहस्य मरियेला स्वर्गात उचलून घेतल्याचं असतं. तेव्हा पप्पांचा आवाज जरा खाली येतो.

आता दादा जहाजावर, मी इथे. घरी दोघंच. आपल्या मेसची वेळ आणि माळेची वेळ एकच, त्यामुळे सबमिशनच्या दिवसांत माझी माळ वर्कशॉपकडे चालता चालता बोटांच्या पेरांवर होते, तीही कधी दहाच. सव्वासातला चपात्या गरम मिळतात हेही खरं!

गेल्या आठवड्यात पप्पांचा फोन होता. आजीला आता तिसऱ्यातच डुलकी लागते म्हणे. दादाचं तिसरं तेच सांगतात. मी म्हटलं, मग पाचवंही तुम्हीच सांगत जा की.

"ते तुझं आहे," ते म्हणाले. "आठला पाच कमी असताना फोन करत जा. गच्चीवर रेंज येते ना?"