पडण्याचें भय

आमच्या आत्याबाई चंद्रपुरास जटपुरा वेशीच्या आंतल्या बाजूस राहत. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं न्हाणीच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला व खुब्याचें हाड मोडलें. नागपुरास शस्त्रक्रिया झाली. हाड उत्तम जुळलें. तरीहि त्या पुन्हां मोकळ्या चालल्या नाहींत, आणि त्याचा दोष हाडाकडे नसून आम्हां घरच्या मंडळींकडे आहे.

डॉक्टरांनीं त्यांस दुसऱ्याच दिवशीं वॉकरच्या आधारानें उभें केलें होतें. आम्हीं घरीं आणून पुन्हां निजविलें. त्या उठूं लागल्या कीं कोणी ना कोणी ओरडे, "आत्याबाई, बसा! पडाल!" पाणी हातांत, ताट हातांत, देवाचीं फुलें सुद्धां हातांत. यासच आम्ही सेवा म्हणत होतों. न चालल्यानें मांड्यांतील बळ जातें, बळ गेलें कीं तोल जातो, आणि तोल जातो म्हणून भय वाढतें. हें चक्र आमच्या डोळ्यांदेखत फिरत होतें व आम्हीच त्यास वंगण घालीत होतों.

वस्तुतः तें हाड पडण्यापूर्वींच दुबळें झालेलें असणार. पाळी थांबल्यावर स्त्रीचें हाड झपाट्यानें विरळ होत जातें; मनगट, पाठीचा मणका व खुबा हीं तें मोडण्याचीं नेहमींचीं ठिकाणें. त्यांत मणका तर पुष्कळदां मुकाट्यानें खचतो. उंची दोन बोटें कमी होते, पाठीस पोंक येतो, आणि आपण म्हणतों, वय झालें! आत्याबाईंच्या पातळाच्या निऱ्या अलीकडे जमिनीवर लोळूं लागल्या होत्या, हें आम्हीं पाहिलें होतें. त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता.

त्यांच्याजवळ बसावयास धानोऱ्याकडील एक बाई ठेविली होती. वयानें त्यांच्याच जोडीची. मोह वेंचतांना पडून हिचें मनगट मोडलें होतें. गांवच्या हाडवैद्यानें कांडवेलीचा लेप देऊन बांबूच्या कामट्या बांधल्या. मनगट वांकडें बसलें, पण पुढच्या चैत्रांत त्याच हातानें तिनें टोपली भरली. आम्हीं विचारलें, "माय, पडायचें भय नाहीं वाटत?"

"लागते ना भेव, बाई. पन सांगाचं कोनाले? मोह येचाले कोन जाईल?"

सांगावयाचें कोणास, हा तिकडचा जुनाच प्रश्न. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांना तपासून 1989 सालीं 'लॅन्सेट' मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेंकडा 92 स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग आढळला. तीं दुखणीं हाडांचीं नव्हेत, हें खरें. पण विचारणारें कोणी आल्याखेरीज बाई बोलत नाहीं, हें त्या आंकड्यावरून उमगतें. आमच्या घरांत तर विचारणारीं माणसें भरपूर होतीं. आम्ही औषध घेतलें का, जेवल्या का, झोंप लागली का, हें विचारीत असूं; भय वाटतें का, हें एकदांहि विचारलें नाहीं.

एके दुपारीं आम्ही बाहेरून आलों, तों ती माय आत्याबाईंचा हात धरून त्यांस उंबरठ्यापर्यंत घेऊन आलेली! समोर आंगणांतलें तुळशीवृंदावन, मध्यें दहा पावलें. आम्ही संवयीनें ओरडलों. आत्याबाईंनीं आमच्याकडे एकवार पाहिलें व कांहीं न बोलतां त्या मागें वळल्या.

पुढें दीड वर्ष त्या होत्या. न्हाणींत आतां खरखरीत फरशी आहे, भिंतीस धरावयास लोखंडी दांडा आहे. तो धरल्यावांचून हल्लीं आम्हीहि पाऊल टाकीत नाहीं.