आल्बुकेर्कच्या गावाजवळचे मायाघर

आम्हा गोवेकरांना आल्बुकेर्क हे नाव शाळेच्या पुस्तकापासून चिकटलेले असते. १५१० साली गोवा जिंकणारा अफोन्सो द आल्बुकेर्क. त्याचा भलामोठा पुतळा आता जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात उभा आहे. त्यामुळे माझा धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहरात स्थायिक झाला, तेव्हा आमच्या आईने कपाळावर हात मारून घेतला होता. "साडेचारशे वर्षांनी त्यांना घालवलं आणि हा त्याच्याच गावाला राहायला गेला!"

खरे तर ते गाव त्याचे नव्हे. १७०६ साली स्पॅनिश लोकांनी ते वसवले आणि न्यू स्पेनच्या तत्कालीन व्हाइसरॉयचे, म्हणजे आल्बुर्केर्कच्या ड्यूकचे, नाव त्याला दिले. मधला एक 'र' पुढे गळून पडला. गंमत अशी की अफोन्सोचे आडनाव आणि त्या ड्यूकची पदवी, दोन्ही शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. पोर्तुगालच्या सरहद्दीलगत स्पेनमध्ये आल्बुर्केर्क नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाचे नाव एका बाजूने मांडवीच्या काठी आले, दुसऱ्या बाजूने रिओ ग्रांदेच्या काठी गेले. आईला हे सांगायचे राहून गेले.

२०२४ च्या मे महिन्यात मी तिथे गेले. सरकारी नोकराला परदेशी जायचे म्हणजे आधी ना हरकत दाखला, मग रजेचा अर्ज, खर्च कोण करणार त्याचे निवेदन. "खर्च भाऊ करणार" असे लिहिताना मला उगाचच अवघडल्यासारखे झाले. कारण भावाने बोलावले त्यामागे दोन कारणे होती. एक, माझा अकरा वर्षांचा भाचा आत्याला फक्त मोबाईलच्या पडद्यावर ओळखत होता. दुसरे कारण आमचे फोंडा तालुक्यातले घर.

आई गेल्यापासून त्या घराला कुलूप आहे. राजांगण, मध्ये तुळस, चारी बाजूंना ओसरी, वर नळ्यांचे छप्पर. दर पावसाळ्याआधी शाकारणी केली नाही तर घर दोन वर्षांत खाली बसेल. दिल्लीच्या कोणा गृहस्थांनी चांगली किंमत देऊ केली होती. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासूनची ही रीत २०१२ च्या वारसा कायद्यातही कायम आहे. शिवाय विकायचे तर जोडीदारांच्याही सह्या लागतात. म्हणजे चार सह्या. तीन तयार होत्या, कारण माझे यजमान म्हणाले होते, "घर तुझ्या माहेरचे. तू करशील तिथे मी सही करीन." चौथी सही माझी.

पहिल्या संध्याकाळी भावाने कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "ताई, वाचून ठेव. घाई नाही." आणि लगेच विषय बदलला, "उद्या सान्ता फेला जाऊ. पोराने तुझ्यासाठी एक जागा ठरवून ठेवलीय."

सान्ता फे आल्बुकर्कीहून मोटारीने तासाभराच्या अंतरावर. समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फूट उंचीवर वसलेले हे गाव १६१० पासून राजधानीचे गाव आहे. घरे मातीच्या रंगाची, गोल कोपऱ्यांची. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांना ते अडोबी म्हणतात. अशी भिंत मातीने पुनःपुन्हा लिंपावी लागते, नाहीतर पाऊस तिला खातो. गावाच्या जुन्या भागात नव्या इमारतीही त्याच वळणाच्या बांधाव्यात असा १९५७ पासूनचा नियम आहे. मातीच्या भिंतींना एवढा मान देणारे अमेरिकन गाव असेल असे मला वाटले नव्हते.

आम्ही गेलो ती जागा मात्र जुन्या गावाबाहेर, गुदामे आणि गॅरेजांच्या वस्तीत. आवारात एक प्रचंड लोखंडी यंत्रमानव आणि तसाच एक कोळी उभा. नाव 'हाऊस ऑफ इटर्नल रिटर्न'. ते उभारणाऱ्या मंडळींचे नाव 'म्याव वुल्फ'. मांजराचे म्याव आणि लांडग्याचा वुल्फ. २००८ साली गावातल्या काही फटिंग तरुण कलावंतांनी आपली टोळी केली आणि टोपीतून चिठ्ठ्या काढून हे नाव ठरवले. टाकाऊ वस्तूंतून ते मोठमोठ्या रचना करीत. २०११ साली त्यांनी एक अख्खे जहाज बांधले होते, आत फिरता येईल असे. पुढे याच गावात राहणारे कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन, ज्यांच्या पुस्तकांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका झाली, त्यांनी एक बंद पडलेली बोलिंगची इमारत विकत घेऊन या मंडळींना भाड्याने दिली. शंभराहून अधिक कलावंतांनी मिळून मार्च २०१६ मध्ये हे घर खुले केले. सुमारे वीस हजार चौरस फूट जागा, सत्तरहून अधिक खोल्या. आज त्यांची अशी ठिकाणे लास वेगास, डेन्व्हर आणि टेक्सासातही आहेत. टोळीची कंपनी झाली, आणि २०२० मध्ये तिथल्या कामगारांनी आपली संघटनाही बांधली. हे शेवटचे वाचून माझ्यातल्या सरकारी कर्मचाऱ्याला बरे वाटले.

आत शिरलात की तुम्ही रात्रीच्या वेळी एका दुमजली घरासमोर उभे असता. जुन्या व्हिक्टोरियन धाटणीचे लाकडी घर. दारात टपालपेटी. गोष्ट अशी, की हे घर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो गावचे. त्यात सेलिग नावाचे कुटुंब राहत होते. एके रात्री काहीतरी घडले आणि घरात कोणीच उरले नाही. काय घडले ते तुम्ही शोधायचे. नकाशा नाही, वाटाड्या नाही. 'हात लावू नये' अशी पाटी नाही. उलट हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. टपालपेटीतली पत्रे काढून वाचायची, कपाटे उघडायची, मुलांच्या खोलीतल्या वह्या चाळायच्या.

मग कोणीतरी स्वयंपाकघरातला फ्रीज उघडतो, आणि आत दूध-अंडी नसून एक पांढऱ्याशुभ्र प्रकाशाची वाट असते. दिवाणखान्यातल्या शेकोटीतून रांगत गेले की एक गुहा. तिथे एका महाकाय प्राण्याचा सांगाडा आहे. त्याच्या बरगड्यांवर थाप दिली की सूर निघतात आणि बरगडी उजळते. कपडे वाळवण्याच्या यंत्रातून घसरत भलतीकडेच निघायचे. एक रंगीत अरण्य आहे, झाडांवर घरे आहेत. प्रकाशकिरणांची वीणा आहे, किरणात हात घातला की वाजते. एक अख्खे स्वयंपाकघर काळ्या-पांढऱ्या रेघांनी चितारलेले, जणू तुम्ही व्यंगचित्रात शिरलात.

मला मयसभा आठवली. मयासुराने पांडवांना बांधून दिलेली, जिथे पाणी समजून दुर्योधनाने वस्त्र सावरले आणि जमीन समजून पाण्यात पाय टाकला. आपण त्या कथेतून हसणे तेवढे लक्षात ठेवले. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचे वाक्य तर व्यासांच्या ग्रंथात नाहीच, ते लोकांनी मागाहून घातले. पण जो फसला त्याला क्षणभर वाटलेले आश्चर्य कोणी विचारात घेत नाही. इथे प्रत्येक जण दुर्योधन होतो, आणि कोणी हसत नाही. पंचाहत्तरीचे एक गृहस्थ शेकोटीतून गुडघ्यांवर बाहेर आले, तेव्हा समोरच्या अनोळखी मुलीने त्यांना हात देऊन उठवले.

हल्ली आपल्याकडेही कोडी सोडवून बंद खोलीतून सुटण्याचे खेळ आले आहेत. जपानात क्योतोला २००७ च्या सुमारास हा प्रकार सुरू झाला. त्यात घड्याळ असते, साठ मिनिटांत सुटायचे असते. इथे घड्याळ नाही. कोडे सुटले तरी बक्षीस नाही, न सुटले तरी दार उघडेच. त्यामुळे माणसे दोन तऱ्हेने फिरतात. काही नुसती दिव्यांत रमतात. काही घरातच थांबून कागद वाचतात.

मी दुसऱ्या जातीची निघाले. वीस वर्षे मामलेदार कचेरीत फायली हाताळल्यावर दुसरे काय होणार! कोणाचे पत्र कोणत्या तारखेचे, कोणी कोणाला काय लपवले, याची टिपणे मी पर्सातल्या कागदावर करू लागले. भाचा आधी अरण्यात पळाला होता, तो परत आला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला. मी तारखा लावायच्या, त्याने इंग्रजीतले किचकट हस्ताक्षर वाचून दाखवायचे. तीन तास कसे गेले कळले नाही. काय उलगडले ते मी इथे सांगणार नाही, कोणी जाणार असेल तर त्याची गंमत जाईल. एवढेच सांगते, की त्या दिव्यांच्या आणि अरण्यांच्या मुळाशी एका घरातले साधे दुःख आहे. ते मान्य न करण्यासाठी केलेला खटाटोप म्हणजे बाकीच्या खोल्या.

परतीच्या वाटेवर भाच्याने विचारले, "आत्या, आपल्या गोव्याच्या घरात असे कागद आहेत?"

"माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे," मी म्हटले.

"त्यात काय आहे?"

मी भावाकडे पाहिले. तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. म्हणाला, "मी कधी उघडली नाही. ताई, तू?"

मीही उघडली नव्हती. वाळवीचा वास येतो म्हणून आई कोणाला हात लावू देत नसे, एवढेच आठवले. एका काल्पनिक कुटुंबाची टपालपेटी आम्ही तीन तास उपसून आलो होतो. पण यावरून भावाला चार शब्द सुनवावेत असे मला वाटले नाही. दूर राहणाऱ्याला दरवर्षी शाकारणीचे पैसे पाठवायचे आणि घर मात्र बघायचे नाही, हाही एक जाच असतो. सही न करता कागद मी बॅगेत घातला आणि म्हटले, "ट्रंक उघडल्यावर बोलू." तो 'बरं' म्हणाला.

डिसेंबरात वहिनी आणि भाचा नाताळच्या सुटीत आले. जत्रांचे दिवस होते. आम्ही कुलूप काढले, माळ्याला शिडी लावली. आधीच सांगते, सान्ता फेची जादू इथे काही घडली नाही. धूळ, वटवाघळांची घाण, कुजलेली पोथीची फडकी. कशाला हात लावला तरी काही उजळत नव्हते. अर्ध्या तासात पोर कंटाळले. कागदही त्याला वाचता येईनात. काही पोर्तुगीजमध्ये, काही मराठीत. आम्ही घरी कोंकणी बोलणारी माणसे, पण आजोबांचे हिशेब मराठीत, बारीक देवनागरीत. आता वाचण्याचे काम माझे होते आणि ऐकण्याचे त्याचे.

१९४७ ची जमाखर्चाची वही. रुपये आणि टांगा. नारळ, सुपारी, देवळाची वर्गणी, मीठ. मग ऑगस्टमध्ये रोज एकच ओळ येऊ लागते: मुलीसाठी औषध. मुलीसाठी मोसंबी. दाक्तर, फोंड्याहून, गाडीभाड्यासह. असे एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी पान कोरे. एकविसाव्या दिवशी पुन्हा नारळ.

"कोणती मुलगी?" भाच्याने विचारले.

आमच्या बाबांना बहीण होती हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. बाबांनी कधी सांगितले नाही, आईने नाही. भाच्याने ती कोरी जागा बोटाने दाखवली आणि मग मागची सगळी पाने मला पहिल्यापासून वाचायला लावली, मीठ आणि सुपारीसकट. वहीत मुलीचे नाव कुठेच नव्हते. वंशवेल देवघरातल्या कपाटात आहे, तीत फक्त मुलगे.

रात्री भावाला फोन केला. तिकडे सकाळ होती. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा मोसंबी कधीच खात नसत. आठवतं तुला?" मला आठवत होते.

घर विकायचे नाही असे आम्ही काही ठरवलेले नाही. दिल्लीच्या गृहस्थांना दुसरे घर मिळाले, आणखी कोणी येईलही. शाकारणी आम्ही दोघांनी निम्मी-निम्मी केली. विक्रीचा कागद माझ्या कपाटात आहे, भावाने तो परत मागितलेला नाही. ट्रंकेत अजून अकरा वह्या आहेत. दर रविवारी मी एकेक पान मोबाईलसमोर धरून वाचते, आणि भाचा मराठी अंक शिकतो आहे. नऊ आणि सहा त्याला अजून नीट ओळखता येत नाहीत.