खालच्या तारा

२३ फेब्रुवारी २०२५, नवापूर

लगीनसराईची तालीम आजपासून. दोन कीबोर्ड, ऑक्टापॅड, लीड गिटार, दोन गायक, एक गायिका आणि बेसवर मी. जागा नेहमीची, मालकाच्या खळ्यातली. गाण्यांची यादी पटकन होते. दुपार जाते ती पट्ट्या ठरवण्यात.

गायिकेची पट्टी काळी दोन. माझ्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की पांढरी तीन बोलते आणि तिच्याखाली वाद्यात काहीच नाही. म्हणजे काळी दोनचा तळातला सा अर्ध्या सुराने हातातून सुटतो. दुसऱ्या तारेवर सहाव्या पडद्याला सा मिळतो, पण तो एक सप्तक वरचा. गाणं तेच राहतं, मात्र त्याच्या पायाखाली काही उरत नाही. म्हणून चारही तारा अर्धा सूर उतरवून टाकल्या. गायिकेला यातलं काही सांगितलं नव्हतं. पहिल्या अंतऱ्याला तिने मागे वळून पाहिलं, आणि मग उरलेलं गाणं ती निवांत गायली.

उभा डबल बेस उचलून गावोगाव हिंडणं वादकाला जड जायचं आणि मोठ्या बँडच्या कल्लोळात त्याचा आवाजही बुडायचा. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने गळ्यात अडकवता येईल असा विजेवरचा, पडदे असलेला बेस बाजारात आणला. फिरत्या वादकाची अडचण ओळखून केलेलं ते वाद्य आहे. पिकअपच्या हौद्यात उभं राहून रात्रभर वाजवताना ते मला पटतं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. निम्मी पार्टी देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या यात्रेला गेली, त्यामुळे तालीम बंद.

मी घरी तारा उकळल्या. बेसच्या तारांचा नवा संच म्हणजे एका सुपारीतला माझा बराचसा वाटा. घाम आणि फुफाटा तारेच्या वेटोळ्यांत बसला की आवाज मरतो. पातेल्यात पाणी खळखळलं की तारा आत सोडायच्या, काढून कोरड्या फडक्याने निपटून पुसायच्या. थोड्या कार्यक्रमांपुरता जीव परत येतो. आईने त्यासाठी जुनं पातेलं वेगळंच काढून ठेवलंय.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा बेसवादक होता. तो सपाट गुंडाळीच्या तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय सहसा बदलायचा नाही. त्याचा तो गोल, किंचित बोथट आवाज साठच्या दशकात जगभर गेला. त्याचं नाव मात्र मोटाउनच्या रेकॉर्डवर ठळकपणे आलं ते थेट १९७१ साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. आपल्याकडे पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्यांनी वाजवलेलं आपण सगळ्यांनी ऐकलंय, त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? हे मला मनापासून लागतं.

१४ मार्च, काठी

काल होळी. काठीची राजवाडी होळी रात्रभर जागते आणि पहाटे पेटते, म्हणून संध्याकाळीच अक्कलकुव्याहून वर चढलो. बेस घरी ठेवला होता. हे ऐकायचं ठिकाण आहे.

अंगावर राख आणि तांदळाच्या पिठाची नक्षी, कमरेला वाळक्या भोपळ्यांची माळ, पायात घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप असे बुध्या पाड्यापाड्यांतून येत होते. नवस असलेले हे लोक होळीआधी काही दिवस पलंगाखाटेवर झोपत नाहीत, नेम पाळतात. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबंही होळीसाठी परत आली होती. प्रत्येक गावाचा आपला ढोल. शेकोटीजवळ धरून चामडं तापवायचं, थापेला बरोबर बोललं की रिंगणात उतरायचं.

मध्यरात्रीनंतर मी डोळे मिटून फक्त मोठ्या ढोलाकडे लक्ष दिलं. त्याच्या एका अंगाला खोल थाप पडते आणि नाचणाऱ्यांचे पाय तिच्यावर टेकतात. दुसऱ्या अंगाला काठीचे बारीक बोल चालू असतात. ते कमरेला आणि खांद्यांना लागतात. पावरीचे सूर त्याच्यावर तरंगत राहतात. नाचणारा पावरी ऐकतो, पण पाऊल टाकतो ढोलाच्या थापेवर.

गेली काही वर्षं मी जे शोधतोय ते हेच. बँडमध्ये ऑक्टापॅड हा ढोलाचा काठीकडचा भाग झाला. खोल थाप कोणाकडे गेली? ती माझ्याकडे आली आहे. बेस आमच्याकडे सिनेमातून आला असेल, पण सातपुड्यात त्याला बसायला जागा आधीपासून तयार होती, आणि ती ढोलाची आहे. म्हणून आमच्या नाचाच्या गाण्यात बेसवादकाने सूर पेरत बसू नये. तिनातिनाच्या झुलत्या ठेक्यात पहिल्या घावाला सा, मधे श्वास, दुसऱ्या घावाला पंचम, आणि परत सा. एवढ्यावर रिंगण सकाळपर्यंत चालतं.

पहाटे होळी पेटली. उजाडल्यावर जीपने खाली आलो.

६ एप्रिल

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आमचं कामही तसंच विभागलेलं. आज उच्छलकडची हळद, परवा विसरवाडीकडचं लग्न. भाषा बदलते, मावचीची गामीत होते, देणाऱ्याघेणाऱ्यांची आडनावं बदलतात. ठेका तोच.

जनरेटरला अर्थिंग नव्हतं. गायकाचे ओठ माइकला लागले आणि त्याला झटका बसला. कार्यक्रम थांबवून जमिनीत लोखंडी सळई ठोकली, बुडाशी मीठपाणी ओतलं, तार जोडली. गाडी उभी असताना एवढं तरी करता येतं. वरातीत ती चालू लागली की तेही नाही. एका हाताने बेसच्या तारा आणि दुसऱ्या हाताने माइकचा दांडा धरणारे पोरगे मी पाहतो तेव्हा ओरडून त्यांचा हात काढायला लावतो. पार्टी कुठलीही असो, हे ओरडणं कोणीतरी केलंच पाहिजे.

३० एप्रिल

आखाजी. सासुरवाशिणी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले, दुपारभर गौराईची गाणी. बँडला काम नाही आणि ते बरंच आहे.

खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला बदलतं; नवा करार, नवा आकडा. आमच्या पार्टीतही वाटणीचं बोलणं याच दिवशी होतं. यंदाही गायक आणि कीबोर्ड पहिल्या ओळीत, पॅड त्याच्याखाली, बेस शेवटी. मी मालकांना म्हणालो, "मामा, रात्री नऊपासून पहाटेपर्यंत मी एकदाही खाली बसत नाही. कीबोर्डवाल्याला खुर्ची आहे."

मामा म्हणाले, "भाऊ, तुझं काम मला कळतं. पण सुपारी द्यायला येणारा गायक कोण ते विचारतो. बेसवाला कोण, असं आजवर कोणी विचारलंय का?"

मामांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच ते जास्त टोचलं.

१२ मे, अक्राणी तालुका

धडगावच्या पुढे, डोंगराच्या कुशीतला पाडा. दुपारच्या उन्हात बेस गाडीत राहिला आणि त्याची मान वाकली. तारा पडद्यांवर घासून खरखरू लागल्या. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती चावीने थोडीशी फिरवायची. घाईत जास्त पीळ दिला तर लाकूड कायमचं जातं. सावलीत बसून थोडं थोडं फिरवत आवाज साफ केला. ही चावी मी वाद्यापेक्षाही जपतो.

इथे एक गोष्ट लक्षपूर्वक पाहिली. आम्ही आवाज तपासत होतो आणि समोरच्या डोंगरावरच्या पाड्यातून माणसं निघाली. आल्यावर एका आजोबांना विचारलं, "बाबा, तिकडे काय ऐकू आलं?" ते म्हणाले, "गाणं नाही आलं. खालचं आलं."

शास्त्र सोपं आहे. माझी जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. हवेत त्या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब भरते. एवढी लांब लाट झाडाला, कुडाच्या भिंतीला, माणसांच्या गर्दीला वळसा घालून पुढे जाते. गायकाच्या आवाजातले बारीक सूर वाटेत अडतात, पानांत विरतात. पाड्याला लग्नाची वर्दी देण्याचं काम पूर्वी ढोल करायचा, त्याच्यामागे कारण हेच.

म्हणून जबाबदारीही जास्त. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची बंदी आहे. वस्तीसाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांना, जास्तीत जास्त १५. आमचा नाच मात्र रात्रीचाच. आज दहाला मालकांनी स्पीकर बंद केले आणि पाड्यातल्या माणसांनी आपला ढोल बाहेर काढला. मी गाडीतून उतरून रिंगणात शिरलो, कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकला. ढोल वाजवणारा म्हातारा होता, हात सावकाश, एकही थाप पुढेमागे नाही. बेस शिकू इच्छिणाऱ्याला मी अशा माणसाशेजारी बसवीन. नियमाबद्दल कुरकुर करणाऱ्या पोरांनाही हेच सांगितलं : ज्या घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस आहे, त्या घराच्या भिंतीतूनही आपली लाट आत जाते.

२१ मे

अवकाळी पाऊस. मांडव भिजला, कार्यक्रम रद्द, बयाणा परत. बेस दोन ताडपत्र्यांत गुंडाळून आणला.

२४ मे, शहादा तालुका

आज एका दुसऱ्या पार्टीबरोबर बदली म्हणून गेलो. त्यांनी बेसवादक ठेवणं सोडलंय. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस भरतो, अर्धी गाणी तर पेनड्राइव्हवरून वाजतात. आज लग्नघराने आग्रह धरला म्हणून मला बोलावलं होतं.

डावा हात वाईट वाजत होता असं नाही. चांगला होता. पण त्याचं लक्ष उजव्या हाताकडे, कारण धून तिथे. वरात वळणावर अडली, बाया थकल्या, रिंगण सैल पडलं, तेव्हा धून वाजवणारा जोर वाढवतो. मी उलट केलं : सूर कमी केले, पहिला घाव तेवढा ठेवला, पॅडवाल्याला डोळ्यांनी खुणावलं. हळूहळू पाय पुन्हा एकत्र आले. पेनड्राइव्हला वळण दिसत नाही, थकलेल्या बाया दिसत नाहीत. नाचणाऱ्यांच्या पायांकडे पूर्ण वेळ बघणारा एक माणूस पार्टीत लागतो, आणि ते बेसवादकाचं काम आहे. पैसे वाचवायला त्याला काढणारे मालक कशाची बचत करतात हे त्यांना कळत नाही. माझं हे मत पक्कं आहे आणि मी ते त्या मालकांना निघताना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

१ जून, तळोदा

सराईतलं शेवटचं मोठं लग्न. सामान उतरवत असताना आश्रमशाळेत शिकणारी एक मुलगी जवळ आली. "दादा, याला चारच तारा का?" मी बेस तिच्या गळ्यात अडकवला. वजन चार किलोच्या आसपास, तिचे खांदे वाकले, तरी तिने जाड तारेवर अंगठा मारला आणि दचकून पोटावर हात ठेवला. सूर तिथेच लागतो.

"मुली वाजवतात का हे?"

मी तिला मोबाइलवर मोहिनी डे दाखवली. मुंबईची, १९९६ सालचा जन्म, वडीलही बेसवादक, लहानपणापासून घरात वाद्य हातात, ए. आर. रहमान आणि झाकिर हुसेन यांच्यासोबत वाजवलेली. मुलगी दोनदा बघत राहिली. मग तिला सा आणि पंचम कुठे आहेत ते दाखवलं. गावाकडे तिचे काका ढोल वाजवतात म्हणाली, म्हणजे निम्मं शिकणं झालेलंच आहे.

पावसाळ्यात आठवड्यातून एक दिवस नवापूरला शिकवायचं ठरवलंय, फी न घेता. जुना बेस त्यासाठी दुरुस्त करून ठेवतो. मामांनी खळं वापरायला दिलं.

पुढच्या सराईत नंदुरबार जिल्ह्यात ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांना माझी एक विनंती. सुपारी द्यायला जाल तेव्हा गायक कोण हे जरूर विचारा. त्याच्यासोबत बेस कोण वाजवतं, हेही विचारा. मालकांना उत्तर द्यावं लागलं, की वाटणीच्या कागदावर ते नाव आपोआप वर येईल.