रिपीट करू का, दादा?

लातुरात किंवा नांदेडात दहावीचा निकाल लागला की मार्क किती पडले हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "ए ग्रुप का बी ग्रुप?" म्हणजे गणित का बायो, म्हणजेच इंजिनिअर का डॉक्टर. (दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांचा एबी ग्रुप.) पोरगं चुकून "आर्ट्स" म्हणालं तर समोरचा माणूस घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करतो. पुण्यामुंबईच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. हसू नका मंडळी, त्या एका प्रश्नावर आमच्याकडे दोन शहरं चालतात. रूम, मेस, डबा, अभ्यासिका, झेरॉक्स, सगळं.

हे सगळं काही आभाळातून पडलेलं नाही. मेडिकलचा प्रवेश बारावी बोर्डाच्या मार्कांवर व्हायचा त्या काळात लातूरच्या शाहू, दयानंद अशा कॉलेजांनी एक साधी गोष्ट केली. पोर्शन लवकर संपवायचा आणि मग पेपर, पेपर, पेपर. चुकलं की पुन्हा लिहायचं. मोठ्या शहरातली महागडी शिकवणी न परवडणारी शेतकऱ्याची पोरं त्यातून डॉक्टर झाली, हे विसरून चालणार नाही. 'लातूर पॅटर्न'ला नावं ठेवणाऱ्यांनी आधी तेवढं तरी कबूल करावं. शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच पुढे 1994 ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू झाले. म्हणजे दोन्ही गावांची शिक्षणातली नाळ तशी जुनीच.

मग सीईटी आली, पॅटर्नने ती पचवली. 2013 ला एकदा नीट होऊन गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि 2017 पासून राज्यातल्या सगळ्या एमबीबीएस जागा नीटवर भरायला लागल्या. पॅटर्नने तीही पचवली. 2020 च्या सप्टेंबरात मेडिकलचा 70:30 चा प्रादेशिक कोटा रद्द झाला. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे 70 टक्क्यांच्या हिश्श्यातल्या जागाही कमी. इथल्या पोराला जास्त मार्क घेऊनही प्रवेश हुकायचा, म्हणून कोटा गेल्यावर आमच्याकडे आनंदच झाला.

पण एक गोष्ट पॅटर्नला पचवता येत नाही. ती म्हणजे भागाकार.

2025 ला नीट दिली 22 लाखांवर मुलांनी. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. म्हणजे परवडणाऱ्या जागेसाठी ढोबळमानाने पस्तिसात एक. लातूरच्या आणि नांदेडच्या सरकारी मेडिकलला प्रत्येकी 150 जागा, त्यातल्या 15 टक्के ऑल इंडियाला. अभिमत विद्यापीठात जायचं तर वर्षाला वीस लाखांच्या पुढे, म्हणजे शेत विकायची भाषा. उरलेल्या चौतिसांचं काय, याचं उत्तर दोन्ही गावांत एकच: रिपीट.

इथे एक गंमत आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जेईई अॅडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोनच संधी. नाही झालं की विषय संपला. पोरगं चार दिवस तोंड पाडून बसतं आणि मग सीईटीवर मिळेल ते घेऊन कामाला लागतं. नांदेडच्या विष्णुपुरीतलं श्री गुरुगोबिंदसिंगजी अभियांत्रिकी कॉलेज (1981 पासूनचं) अशाच पोरांनी भरलेलं असतं, आणि आज पुण्यातल्या प्रत्येक आयटी कंपनीत त्यातला कुणी ना कुणी सापडतोच. नीटला मात्र कितीही वेळा बसा. वयाची वरची मर्यादाही 2022 ला निघाली. मागच्या वर्षीपेक्षा साठ मार्क वाढले की वाटतं, अजून एक वर्ष, बस्स. थांब असं परीक्षा म्हणत नाही, क्लासवाला तर म्हणणारच नाही, आणि आईबाप म्हणू शकत नाहीत, कारण मग पोरगं म्हणणार की तुमचा माझ्यावर विश्वासच नाही.

माझा मामेभाऊ अशाच वळणावर होता. घर कंधार तालुक्यात, दोन वर्षं लातूरच्या ट्यूशन एरियात रूम करून राहिलेला. बारावीच्या वर्षी एकदा नीट, मग एक रिपीट. दुसऱ्या वेळी मार्क वाढले, पण सरकारी एमबीबीएस लांबच राहिलं. रात्री अकराला फोन. "दादा, अजून एकदा रिपीट करू का म्हणून विचारायलो. पप्पा म्हणायलेत, तुझं तू बघ." (आयटीत असलं की घरचा प्रिंटर बिघडला तरी फोन येतो आणि पोरगं बारावी झालं तरी. तुम्हालाही येत असतीलच.)

मी विचारलं, बाकीचे फॉर्म कुठले भरलेस? तर एकच. मेडिकलचा. त्यातही एमबीबीएसच्या पुढचं काही टाकायचं नाही असं ठरलेलं. माफसूचा? "ते काय असतं?"

ते काय असतं ते मी त्याला सांगितलं, तुम्हालाही सांगतो. माफसू म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, 2000 साली स्थापन झालेलं, मुख्यालय नागपूरला. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेश नीटच्याच मार्कांवर होतो, पण फॉर्म वेगळा भरावा लागतो, आणि नेमकं तेच अनेकांना शेवटच्या तारखेनंतर कळतं. कॉलेजं परळ, नागपूर, परभणी, शिरवळ अशी पसरलेली. आणि एक उदगीरला! लातूर जिल्ह्यातच, त्याच्या रूमपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. पोरगं दोन वर्षं लातुरात राहिलं, कोट्यातल्या क्लासची नावं त्याला पाठ, आणि उदगीरचं कॉलेज माहीत नाही. यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याच्या आजूबाजूला कुणी तो शब्दच काढला नव्हता.

कोर्स साडेपाच वर्षांचा, इंटर्नशिप धरून. एमबीबीएसएवढाच. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, गट अ. नाहीतर दूध संघ, औषध कंपन्या, पोल्ट्री, किंवा स्वतःचा दवाखाना. शहरातल्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांची फी तुम्हाला ठाऊक असेलच. :) फुकट मिळतं असं मात्र नाही, इथेही मार्क चांगलेच लागतात. पण त्याचे मार्क त्या टप्प्यात होते.

खरी अडचण मामा होते. "ढोराचा डॉक्टर करायला लातूरला ठेवलं होतं का?" आता हे म्हणणाऱ्या मामांच्या दावणीला लाल कंधारी. म्हणजे त्यांच्याच तालुक्याच्या नावाची, देशभर नोंद असलेली जात. शेजारच्या लातूर जिल्ह्यात देवणी, तीही तालुक्याच्या नावाची. दोन जिल्ह्यांनी देशाला गाईबैलांच्या दोन जाती दिल्या आणि तिथेच 'ढोराचा डॉक्टर' ही शिवी. गाय अडली की हेच मामा रात्री-बेरात्री मोटारसायकल पाठवतात, आणि आलेल्या माणसाला "डॉक्टरसाहेब" म्हणून आधी चहा देतात. मी फोनवर त्यांना एवढंच विचारलं, "मामा, मागच्या पावसाळ्यात गाय कुणी सोडवली?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या मामीशी बोल."

मामी जास्त व्यवहारी निघाल्या. त्यांनी विचारलं, फॉर्म भरला म्हणजे रिपीट बंद होतं का? नाही होत. हाच तर मुद्दा. रिपीट करणं चूक आहे असं मी कुणालाच सांगणार नाही, दुसऱ्या प्रयत्नात लागलेले चांगले डॉक्टर माझ्या ओळखीत आहेत. पण एकही फॉर्म न भरता केलेलं दुसरं-तिसरं रिपीट म्हणजे पोराच्या हातात दुसरं काहीच न ठेवणं. आणि ते ओझं घेऊन एकोणीस वर्षांचं पोरगं दहा बाय दहाच्या रूममध्ये एकटं बसलेलं असतं.

फॉर्म भरण्यासारखं बरंच असतं. नीटसोबत पीसीबीची एमएचटी-सीईटी देऊन ठेवली तर कृषी आणि फार्मसीची दारं उघडतात. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 पासूनचं, त्याचं कॉलेज लातुरातही आहे. उदगीरलाच मत्स्य आणि दुग्धतंत्रज्ञानाची कॉलेजं आहेत. बायो खरंच आवडत असेल तर आयसरची परीक्षा वेगळी असते, 2006 पासून पुण्यातच आयसर आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचा रस्ता तर आमच्याकडे उगाचच कमी प्रतीचा समजतात. हाताने काम केलेला डिप्लोमावाला टीममध्ये असला की काय फरक पडतो ते मी रोज बघतो.

आणि घरात मुलगी असेल तर एक गोष्ट कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अभिमत आणि खाजगी विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा सोडून. "पोरीला एवढी फी कशी भरायची" म्हणून बीएस्सीला टाकलेल्या मुली मला माहीत आहेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

असो. मामेभावाने माफसूचा फॉर्म भरला, कागदपत्रं मामांनी स्वतः कंधारहून आणून दिली. यादी लागायची आहे. रिपीटरच्या बॅचची फी अजून भरलेली नाही, पहिल्या यादीपर्यंत थांबायचं ठरलंय. मामा गावात विचारणाऱ्यांना "डॉक्टरकीलाच नंबर लागायलाय" एवढंच सांगतात, कसली डॉक्टरकी ते सांगत नाहीत.